हिरकणी खरी होती का?

मुलांचं वाचन : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की मुलांसाठी ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्याने माणसं हवी तितकी कल्पनेतली घ्यावीत, पण त्या काळचं जगणं खोटं रंगवू नये. त्यावर बरीच पत्रं आली. शाळेच्या ग्रंथालयात माझं आयुष्य गेलं. त्यामुळे यातले काही प्रश्न मुलांनीच मला पूर्वी विचारलेले आहेत. निवडक पत्रांना इथे उत्तरं देते.

प्रश्न : माझा मुलगा पाचवीत आहे. हिरकणीची गोष्ट त्याला फार आवडते. रायगडावर तो बुरूज पाहून तो भारावून गेला होता. उतरताना कुणीतरी त्याला म्हणालं, ‘हिरकणी वगैरे कुणी झालीच नाही, ती दंतकथा आहे.’ तेव्हापासून तो प्रत्येक गोष्टीला ‘हे तरी खरं का?’ विचारतो आणि पुस्तक बाजूला ठेवतो. अशी पुस्तकं द्यावीत की नाही? (एक आई, सोलापूर)

पुस्तकं जरूर द्या, आणि त्याचा प्रश्नही जिवंत ठेवा. इतिहासाची सुरुवात त्याच प्रश्नापासून होते. फक्त ‘खरं’ किंवा ‘खोटं’ असं एका शब्दात उत्तर देऊन त्याला वाटेला लावू नका.

त्याला सांगा, बुरूज खरा आहे. त्याला हिरकणीचं नाव आहे, हेही खरं. शिवकाळातल्या कागदपत्रांत मात्र हिरकणीचा उल्लेख नाही. लोकांनी पिढ्यान् पिढ्या सांगितलेली ही गोष्ट आहे. मग त्याला विचारा, लोकांनी हीच गोष्ट का जपली असेल? सूर्य मावळला की गडाचे दरवाजे बंद होत आणि सकाळपर्यंत कुणासाठीही उघडत नसत, ही शिस्त खरी. गडावरच्या माणसांचं दूध-दुभतं, लाकूडफाटा खालच्या वाड्यांतून येई, तो डोक्यावर घेऊन बायामाणसं रोज गड चढत-उतरत, हे खरं. बखरकारांनी राजांची आणि सरदारांची नावं लिहिली. या बायांची नावं लिहायला कुणी बसलं नाही. ती उणीव लोकांनी एका गोष्टीने भरून काढली. पाचवीतल्या मुलाला हे नीट कळतं.

मग तानाजीच्या गोष्टीकडे वळा, कारण तिथे मुलाच्या हाती खरोखरीचं काम येतं. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाणा घेतला गेला आणि तानाजी मालुसरे पडले, याविषयी शंका नाही. पण ते वर चढले कसे? कृष्णाजी अनंत सभासदाची बखर ही या घटनेनंतर काही दशकांतच लिहिलेली. तीत आहे ते असं : दोन मावळे आधी माकडासारखे कडा चढून गेले, त्यांनी वर शिडी बांधली आणि मग तीनशे माणूस चढलं. घोरपडीचा त्यात पत्ता नाही. यशवंती घोरपड भेटते तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात. पोवाडा रात्रभर लोकांसमोर उभा राहून गायचा असतो. त्यात घोरपड दोनदा मागे फिरते आणि तिसऱ्यांदा चढते, तेव्हा ऐकणाऱ्यांचा श्वास अडकतो. शाहिराला तिची गरज होती, सभासदाला नव्हती.

आणि गडाचं नाव? तानाजी सिंहासारखे लढून पडले म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला, असं आपण सगळेच लहानपणी शिकलो. पण शिवाजी महाराजांच्या १६६३ च्या पत्रात, म्हणजे तानाजी पडण्याआधी सात वर्षं, ‘सिंहगड’ हे नाव आलेलं आहे. सभासदाच्या बखरीत महाराजांच्या तोंडी जे वाक्य आहे, तेही ‘एक गड घेतला, परंतु एक गड गेला’ असं आहे. सिंहाचं वाक्य आपल्या मनात इतकं पक्कं बसलं त्यात हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीच्या नावाचा वाटा मोठा आहे.

मी शाळेत हे सांगितलं की एखाद्या मुलाचा चेहरा उतरत असे. पण दुसऱ्या मिनिटाला तोच विचारी, ‘बाई, मग सभासदाला कुणी सांगितलं?’ तिथे मला खरा आनंद होई. तुमच्या मुलालाही एक वही द्या. एका बाजूला ‘कागदात काय आहे’, मध्ये ‘शाहीर काय गातो’, आणि शेवटी ‘कादंबरीने काय घातलं’. महाराजांच्या बोलण्यातला गड गेल्याचा शोक त्याला सभासदाच्या साध्या वाक्यातही ऐकू येईल. मला तर तो तिथे जास्त ऐकू येतो.

प्रश्न : बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी शिवकाळावर कादंबरी लिहितो आहे. लढायांच्या तारखा, सरदारांची नावं, किल्ल्यांचे नकाशे तपासून झाले. आणखी काय तपासावं? (एक लेखक, कोल्हापूर)

तुम्ही जे तपासलंत ते कुठल्याही चांगल्या ग्रंथात मिळतं. आता स्वयंपाकघर तपासा, रात्र तपासा, आणि गडावर कोण कोण राहतं ते तपासा. मुलांच्या कादंबऱ्या बहुतेक वेळा इथेच घसरतात.

मावळ्यांच्या पंगतीत बटाट्याची भाजी वाढलेली मी वाचली आहे. उपासाला साबुदाण्याची खिचडी आणि भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणीही वाचली आहे. बटाटा, टोमॅटो, भुईमूग, काजू, पेरू, मका, मिरची हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं, पोर्तुगीजांच्या जहाजांनंतर आपल्याकडे आलेलं. बटाटा आणि टोमॅटो तर आपल्या घराघरांत रुळले ते इंग्रजी अमलात. मावळातल्या मुलाच्या ताटात नाचणीची किंवा वरईची भाकरी द्या, देशावरच्या मुलाला ज्वारी-बाजरी द्या. कांदा, लसूण, मिरी, ताक, रानातल्या भाज्या द्या. चहा मात्र कुणाच्याही हाती देऊ नका. पहाटेच्या थंडीत शेकोटीभोवती चहा पिणारे पहारेकरी वाचले की माझं मन त्या पुस्तकातून उठतं.

रात्र म्हणजे अंधार. आगपेटी नव्हती, चकमक होती. विस्तव विझला तर शेजारून आणावा लागे. तेल महाग, म्हणून गरिबाच्या घरी दिवा थोडा वेळच. वेळ सांगायची तर घटका आणि प्रहर. एक घटका चोवीस मिनिटांची, दिवसरात्र मिळून साठ घटका. मोठ्या ठिकाणी पाण्यावर तांब्याचं भोकाचं घटिकापात्र तरंगत असे आणि बुडालं की टोला पडे. ‘पाच मिनिटांत निघा’ असं बहिर्जी म्हणत नाही.

चंद्र तर नक्की तपासा. कोंढाण्याची रात्र माघ वद्य नवमीची आहे. त्या तिथीला चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो. म्हणजे रात्रीचा पहिला भाग मिट्ट काळोखाचा, आणि नंतर कड्यावर उजेड चढत जाणार. चढाई केव्हा करायची याचा सगळा हिशोब त्यात आहे, आणि तो मुलांना सांगितला तर ती थरारून जातात. पन्हाळ्याहून महाराज निघाले ती आषाढ पौर्णिमेच्या सुमाराची रात्र. चंद्र पूर्ण, पण वर आषाढातले ढग. लाल महालावरचा छापा रमजानच्या महिन्यात पडला. दिवसभराचा रोजा सोडून, जेवून माणसं निजलेली होती. पंचांग उघडून बसलात तर निम्मी कादंबरी ते तुम्हाला सुचवेल.

आणि कृपा करून ते चिपळूणचं पत्र वाचा. राज्याभिषेकाच्या सुमाराला चिपळूणजवळ घोडदळाची छावणी होती. तिथल्या अंमलदारांना महाराजांनी लिहिलेलं हे पत्र छापील स्वरूपात सहज मिळतं. त्यात सांगितलंय काय? पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा, गवत आताच उधळलंत तर पुढे घोडी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरी जाल, कुणी दाणे आणील, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी भाजी. असं झालं तर उरलेसुरले कुणबीही गाव सोडून जातील आणि त्यांना वाटेल की मोगल आले त्याहून तुम्ही वाईट. पुढे तर इतकं बारीक सांगितलं आहे की मी प्रत्येक वेळी थक्क होते. कुणी गवताजवळ चूल पेटवील, कुणी तमाखू ओढील, रात्री कुणी दिवा तसाच ठेवील, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सगळी गंजी जळून जाईल. छत्रपती होऊ घातलेला माणूस उंदराचा विचार करतो आहे! मुलांना राजा कसा होता हे सांगायला तलवारीच्या दहा प्रसंगांपेक्षा हा उंदीर मला जवळचा वाटतो. एखादा बारा वर्षांचा मोतद्दाराचा, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्याचा, मुलगा त्या छावणीत ठेवा, त्याच्यावर रात्री दिवे विझवायचं काम सोपवा, तुमची गोष्ट सुरू झाली.

गडावर फक्त मावळे आणि सरदार राहत नसत. हवालदार, सबनीस, कारखानीस या अधिकाऱ्यांखेरीज गवंडी, पाथरवट, लोहार, सुतार, कोठीवरची माणसं होती. गडाच्या घेऱ्यात रामोशी, महार, मांग, कोळी यांच्या चौक्या होत्या. रानातून कुणी वर येतो आहे हे सर्वांत आधी त्यांना कळे. ही माणसं मुलांच्या पुस्तकांतून गायब असतात. मग त्या घरांतली मुलं आज ती पुस्तकं वाचतात तेव्हा त्यांना स्वतःचे पूर्वज त्यात कुठेच सापडत नाहीत. हे मी ग्रंथालयाच्या टेबलाशी बसून पाहिलं आहे आणि ते मला फार लागलेलं आहे. म्हणून हा मुद्दा तुम्ही सोडू नये अशी माझी आग्रहाची विनंती.

आणखी एक, चेहरे. तेव्हा देवीची साथ घरोघर येऊन जाई. देवीची लस मुंबईत आली ती १८०२ साली, आणि ती पहिल्यांदा तीन वर्षांच्या एका मुलीला टोचली गेली. त्याआधीच्या कुठल्याही गावात कितीतरी चेहऱ्यांवर व्रण असणार, एखाद्या मुलाचा डोळा गेलेला असणार, आणि प्रत्येक घरात एखादं भावंड हरवलेलं असणार. आपल्या कादंबऱ्यांत सगळेच नितळ आणि देखणे असतात.

हे सगळं तपासल्यावर त्यातलं फार थोडं पानावर आणा. बाकीचं तुमच्या हाताला माहीत असू द्या.

प्रश्न : माझ्या वर्गातल्या मुलींना एक पुस्तक फार आवडलं आहे. अठराव्या शतकातली बारा वर्षांची नायिका लग्नाला ठाम नकार देते, जातपात मानत नाही, ‘मुलगी मुलापेक्षा कमी नाही’ असं भर पंचायतीत सांगते आणि तलवार घेऊन निघून जाते. मुली टाळ्या वाजवतात. मला मात्र कुठेतरी खटकतं. मीच जुन्या वळणाची आहे का? (एक शिक्षिका, बेळगाव)

तुमचं खटकणं रास्त आहे, आणि मुलींच्या टाळ्याही रास्त आहेत. शूर मुलगी वाचायची त्यांची भूक खरी आहे. ती भागवणारं पुस्तक त्यांच्या हातून काढून घेऊ नका, शेजारी आणखी काही ठेवा.

खटकतं ते असं. ती नायिका आजची मुलगी आहे. तिने नऊवारी नेसली आहे, इतकंच. तिच्या मनात भीती नाही, संस्कार नाहीत, आईबापांची माया नाही, परलोकाचा विचार नाही. ती सहज नकार देते आणि सहज सुटते. मग वाचणाऱ्या मुलीला वाटतं की बाकीच्या लाखो मुलींनीही असाच नकार दिला असता तर झालं असतं. म्हणजे त्या भित्र्या होत्या, किंवा मूर्ख होत्या. आपल्या पणजीच्या पणजीवर हा केवढा अन्याय!

१८७३ साली अकरा वर्षांची रमा महादेव गोविंद रानड्यांची बायको होऊन पुण्याला आली. नवरा तिच्याहून वीस वर्षांनी मोठा, बिजवर. तिला अक्षरओळख नव्हती. नवऱ्याने शिकवायला सुरुवात केली, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी तिचं जगणं अवघड केलं. टोमणे, अबोला, घालूनपाडून बोलणं. तिने त्या बायकांना उलट उत्तर दिलं नाही आणि शिकणंही सोडलं नाही. दिवसा घरकाम, रात्री धडा. पुढे याच रमाबाई रानडे पुण्याच्या सेवासदनाच्या आधारस्तंभ झाल्या. त्यांच्या आठवणींचं पुस्तक सातवी-आठवीच्या मुलींना बाईंनी थोडं थोडं वाचून दाखवावं. त्या धाडसाला तलवार लागत नाही, म्हणून ते मुलींना पटायला थोडा वेळ लागतो. पण एकदा पटलं की त्या माझ्या टेबलापाशी येऊन रमाबाईंच्या सासरच्यांवर तावातावाने बोलायच्या.

जातीविषयी बोलायचं तर कल्पनेची गरजच काय? जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या किशोरवयीन मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. पेशवाईत तालीमखान्यासमोरून कुणी मांग-महार गेला तर त्याचं डोकं मारून गुलटेकडीच्या मैदानात त्याच्याशी चेंडूसारखं खेळत, असं ती त्यात लिहिते. इमारतींच्या पायात आमच्या माणसांना पुरत, असंही लिहिते. आणि ब्राह्मणांचं धर्मपुस्तक पाहण्याचाही आम्हाला अधिकार नाही, मग आमचा धर्म कोणता, असं ती देवालाच विचारते. हे सगळं तिच्याच वयाच्या मुलींसमोर वाचावं की नाही, अशी भीती वाटते मोठ्यांना. मी वाचलं आहे. वर्गात शांतता होते आणि मग प्रश्न येतात, चांगले येतात. तुमच्या कादंबरीतली नायिका जातपात मानत नाही. कारण तिला तिचे चटके कधी बसलेलेच नाहीत. मुक्ता मात्र ती भोगून बोलते.

आणि तलवारच हवी असेल तर ताराबाई आहेत. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर त्यांचे पती राजाराम महाराज वारले तेव्हा ताराबाईंचं वय पंचविशीच्या आसपास होतं आणि मुलगा जेमतेम चार वर्षांचा. औरंगजेब स्वतः दक्षिणेत तळ ठोकून होता. पुढची सात वर्षं, तो मरेपर्यंत, त्यांनी राज्य लढतं ठेवलं. मुलांसाठी लिहिताना ताराबाईंना नुसत्या घोड्यावर बसवू नका. सैन्य कुठे पाठवायचं, फितूर झालेल्याला परत कसं वळवायचं, पैसा कुठून आणायचा, हे त्या ठरवत होत्या. मुलींना बुद्धीचं शौर्यही आवडतं.

बालविवाह, कुणबिणी, म्हणजे दासी, म्हणून विकल्या जाणाऱ्या बायका, सती, अस्पृश्यता हे गोष्टीत आलं तर ते त्या काळी लोकांना किती नेहमीचं वाटत होतं, हेही आलं पाहिजे. नायकाची प्रेमळ आईसुद्धा ते मानत असेल. ते वाचताना मुलाला जो धक्का बसतो तो लेखकाने पुसून टाकू नये.

प्रश्न : माझा आठ वर्षांचा मुलगा किल्ला करतो तेव्हा एका बाजूला ‘आपले’ आणि दुसऱ्या बाजूला ‘मुसलमान’ असे सैनिक मांडतो. त्याने वाचलेल्या गोष्टींत शत्रू तेवढेच आहेत. त्याच्या वर्गात त्याचे मुसलमान मित्र आहेत. मी काय करू? (एक वडील, ठाणे)

पुढच्या दिवाळीत किल्ला करताना त्याच्या शेजारी बसा आणि सैनिकांना नावं द्या. पायदळाचे सुरुवातीच्या काळातले सरनोबत, म्हणजे प्रमुख, नूरखान बेग. आरमारात दर्यासारंग आणि दौलतखान. फारसी पत्रव्यवहार पाहणारे काझी हैदर. हे सगळे महाराजांच्या बाजूला मांडा. आता समोरची बाजू. पुरंदरला वेढा घालायला आलेले मिर्झाराजे जयसिंग. कोंढाण्यावरचा उदेभान राठोड. अफझलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर. मुलगा गोंधळेल, गोंधळू द्या.

मग त्याला दोन देशमुखांची गोष्ट सांगा. १६५९ साली अफझलखान निघाला तेव्हा मावळातल्या देशमुखांना विजापूरची फर्मानं आली : खानाला येऊन मिळा, नाहीतर वतन जाईल. कान्होजी जेधे ते फर्मान आणि आपल्या मुलांना घेऊन महाराजांकडे गेले आणि वतनावर पाणी सोडलं. खंडोजी खोपडे खानाला मिळाले. दोघे एकाच मुलखातले, एकाच धर्माचे. नंतर खोपडे हाती लागले, कान्होजींनी त्यांच्यासाठी रदबदली केली, जीव वाचला, पण महाराजांनी त्यांचा एक हात आणि एक पाय तोडायची शिक्षा दिली. आठ वर्षांच्या मुलाला हे शेवटचं आताच सांगायचं की दोन वर्षांनी, ते तुम्ही ठरवा. पण कधीतरी सांगा.

मुलगा आणखी मोठा झाला की त्याला बंगालची बाजूही ऐकवा. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जात होत्या. तिथली गावं जळली, लोक नदीपार पळाले. बंगालीत तान्ह्या बाळाला झोपवताना आजही म्हणतात त्या अंगाईत ‘बर्गी’ येतात. ते बर्गी म्हणजे आपले बारगीर, मराठी घोडेस्वार. आपल्या पुस्तकात जो घोडेस्वार वीर आहे त्याच्या नावाने दुसऱ्या कुणाच्या आईने मुलाला भीती घातली आहे. हे समजल्याने मुलाचं महाराष्ट्रावरचं प्रेम कमी होत नाही. माझं झालेलं नाही.

प्रश्न : नातवंडांना मराठी टिकावी म्हणून ऐतिहासिक कादंबऱ्या देतो. पण पात्रं ‘आम्ही आज्ञा करतो’, ‘जैसी आज्ञा महाराज’ असं नाटकी बोलतात, मुलं हसतात. दुसऱ्या एका पुस्तकात मावळे अगदी आजच्या कॉलेजातल्यासारखे बोलतात. कसली भाषा योग्य? (एक आजोबा, बडोदे)

दोन्ही नकोत. दरबारात दरबारी बोलावं, चुलीपाशी साधं बोलावं. शिवकालीन पत्रांची मराठी फारसी शब्दांनी भरलेली आहे, ती जशीच्या तशी मुलांना झेपणार नाही. साधी, कालातीत वाटेल अशी मराठी आणि अधूनमधून त्या काळचा एखादा शब्द, जो वाक्यातूनच कळेल, एवढं पुरतं. नातवंडांना मोठ्याने वाचून दाखवा. जे वाक्य तुमच्या तोंडात बसत नाही ते पात्राच्याही तोंडात बसलेलं नसतं.

प्रश्न : मी सातवीत आहे. मला इतिहासाच्या गोष्टी आवडतात पण त्यातला हिरो कधीच घाबरत नाही. मी खूप घाबरते. आणि सगळ्या गोष्टी राजांच्याच का असतात? आमच्यासारख्या लोकांचा इतिहास नसतो का? (एक मुलगी, नाशिक)

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. दोन्ही प्रश्न फार चांगले आहेत.

आधी घाबरण्याचं. आग्र्याला शिवाजी महाराजांबरोबर संभाजीराजे होते, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते, म्हणजे तुझ्याहूनही लहान. तिथल्या राजपूत अधिकाऱ्यांनी आपल्या गावी पाठवलेली पत्रं सापडली आहेत. त्यांत एकाने लिहिलं आहे की हा नऊ वर्षांचा मुलगा गोरा आणि फार देखणा आहे. वडील नजरकैदेत, भोवती पहारे. १७ ऑगस्ट १६६६ ला दोघे निसटले. पण महाराज पुढे गेले आणि मुलाला मथुरेत एका ब्राह्मण कुटुंबात ठेवून गेले. मुलगा वाटेत वारला अशी बातमी उठवण्यात आली, म्हणजे कुणी त्याला शोधायला नको. आता तू विचार कर. अनोळखी घर, वेगळी भाषा, वडील कुठे आहेत माहीत नाही, आणि जगाला वाटतंय की आपण मेलो. त्या मुलाला भीती वाटली नसेल? त्याने रात्री काय केलं असेल हे कुठल्याच कागदात नाही. ते लिहायचं काम गोष्ट लिहिणाऱ्याचं आहे. तू लिहून बघ.

घाबरलेल्या माणसाचं खरं पुस्तक हवं असेल तर विष्णुभट गोडश्यांचं ‘माझा प्रवास’ थोडी मोठी झालीस की वाच. ते पेणजवळच्या वरसईचे गरीब भिक्षुक. घरात कर्ज होतं, म्हणून दक्षिणा मिळवायला १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि नेमके बंडात सापडले. झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा ते आत होते. ते लपतात, पळतात, लुटले जातात, भुकेने कळवळतात, आणि ते सगळं खरं खरं सांगतात. शेवटी गंगेची कावड घेऊन चालत घरी येतात. ते राजेही नव्हते आणि लढवय्येही नव्हते. झाशीच्या राणीविषयी आपल्याला जे ठाऊक आहे त्यातलं बरंच त्यांनी जपून ठेवलेलं आहे.

आणि तुमच्यासारख्या लोकांचा इतिहास तर तुझ्या घरातच आहे. आजी-आजोबांना विचार की १९७२ च्या दुष्काळात ते कुठे होते. खडी फोडायला कोण गेलं होतं, सुकडी कशी लागायची, लाल मिलोची भाकरी खाल्ली होती का, गुरांचं काय केलं. पुण्याचे कुणी नातेवाईक असतील तर १२ जुलै १९६१ विचार. त्या दिवशी पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आदल्या रात्री जवान धरणावर वाळूची पोती टाकत होते. जे त्या सकाळी लहान होते ते आज आजोबा-आजी आहेत. अंगावर कोणते कपडे होते, हातात काय धरून पळालो, मांजर कुठे राहिलं, हे त्यांना अजून आठवतं. यावर मुलांसाठी कादंबऱ्या अगदी थोड्या आहेत, आणि हे मला बोचतं. आपल्या लेखकांनी सतराव्या शतकात जितके फेरे मारले त्याच्या दहाव्या हिश्शानेही ते या गल्ल्यांत आलेले नाहीत.

विचारताना मोठे प्रश्न विचारू नकोस. ‘दुष्काळ कसा होता?’ असं विचारलंस की आजी म्हणेल, ‘फार वाईट होता गं,’ आणि थांबेल. ‘पाणी कुठून आणायचीस?’ असं विचार. ‘घागर कितवी मिळायची?’ ‘कोणाशी भांडण झालं?’ मग बघ ती किती बोलते. तिचे शब्द आहेत तसे लिही, शुद्ध करायला जाऊ नकोस. तारीख, गावाचं नाव आणि सांगणाऱ्याचं तेव्हाचं वय बाजूला टाक. दोघांनी एकच गोष्ट वेगळी सांगितली तर दोन्ही लिहून ठेव. वही भरली की मला पाठव. निवडक पानं याच सदरात, तुझ्या आजीची परवानगी घेऊन, छापू.